पेटीवाल्यांच्या पंक्तीत पहिला पाट कोणाचा?

थोर संवादिनीवादक कोण, असा प्रश्न नाशकातल्या रसिकांपुढे टाकला की उत्तर बहुधा पाठ असल्यासारखे येते. आधी गोविंदराव टेंबे, मग पी. मधुकर, मग अप्पा जळगावकर आणि तुळशीदास बोरकर. त्यापुढे ज्याने ज्याची मैफल ऐकली असेल त्याचे नाव. गोविंदराव पटवर्धनांचे नाव निघतेच. पण त्यांच्यामागे एक शेपूट लावले जाते, 'नाट्यसंगीतात मात्र त्यांना तोड नाही'. आमचे भांडण या शेपटाशी आहे. 'मात्र' हे अव्यय समीक्षेत किती घातक ठरते, हे मराठी शिकवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. 'ग्रामीण साहित्यात मात्र', 'विनोदी लेखनात मात्र', 'स्त्रियांच्या कवितेत मात्र' असे म्हणत आपण किती लेखकांना मुख्य दालनातून उचलून बाजूच्या खोलीत बसवले आहे, याचा हिशेब एकदा मांडायला हवा. इथे तो संवादिनीच्या निमित्ताने मांडतो आहोत.

आम्ही संगीताचे अधिकारी नाही. आम्ही पंचवटीत राहणारी आणि महाविद्यालयात मराठी शिकवणारी माणसे. पण श्रेष्ठांच्या याद्या कशा तयार होतात, त्यांत कोण शिरतो, कोण दारातच थबकतो आणि ते दार कोणी केलेले असते, हा आमच्या विषयाचा रोजचा व्यवहार आहे. पंचवटीत संगीताची आठवण विष्णु दिगंबर पलुस्करांपासून सुरू होते. लाहोरला १९०१ मध्ये गांधर्व महाविद्यालय काढणारा हा माणूस आयुष्याच्या उत्तरार्धात इथे येऊन राहिला आणि त्याने रामनाम आधार आश्रम उभा केला. इंद्रकुंडावरचे सभागृह त्यांच्याच नावाचे आहे. गाणे मध्यमवर्गाच्या घरात नेण्याचे जे काम त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी केले, त्याचे सर्वांत उपयोगी साधन पेटी हेच ठरले. तंबोरा जुळवता न येणाऱ्या घरातही पेटी होती. या शहरात संवादिनीविषयी भाबडेपणाने किंवा तुच्छतेने बोलणे म्हणूनच शोभत नाही. दोन्ही प्रकार घडतात, ही गोष्ट वेगळी.

तुच्छतेचा प्रकार जुना आहे. वाद्य परके, आलेक्सांद्र दबँ याने १८४२ मध्ये पॅरिसला त्याचे एकस्व घेतले. पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोषांच्या कारखान्याने त्याला हातपेटीचे रूप दिले. स्वर बांधलेले, म्हणून मींड नाही, आंदोलन नाही, श्रुती नाहीत. हे आक्षेप खरे आहेत. आम्ही ते नाकारत नाही आणि बावीस श्रुतींची पेटी बनवणाऱ्यांच्या खटपटीलाही कमी लेखत नाही. मात्र या आक्षेपांतून संवादिनीवादकांत थोर-सामान्य असा भेदच संभवत नाही, असा निष्कर्ष काढला जातो. तो आम्हाला मान्य नाही. पियानोलाही मींड नाही. त्याचेही स्वर बांधलेलेच, आणि दाबलेला स्वर सोडताक्षणी विझतो. तरीही पियानोवर गाता आले पाहिजे असा हट्ट धरणारी वादकांची परंपरा युरोपात शतकभर जोपासली गेली, आणि त्यांतला श्रेष्ठ कोण यावर तिथे आजही हमरीतुमरी होते. वाद्याची मर्यादा हे वादकाच्या सामान्यत्वाचे प्रमाणपत्र कधीच नसते. अष्टाक्षरी ओळीत मावत नाही म्हणून कोणी अभंगाला कमी प्रतीचे काव्य म्हणत नाही.

या तुच्छतेला राज्यसत्तेची मोहोर मिळाली ती १९४० च्या मार्चमध्ये. जॉन फाउल्ड्स हा इंग्रज संगीतकार आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग पाहत असे. त्याने १९३८ मध्ये संवादिनीविरुद्ध लेख लिहिला. नभोवाणीचे नियंत्रक लायनेल फील्डन हेही त्याच मताचे होते. रवींद्रनाथ ठाकुरांनी कलकत्ता केंद्राला पत्र लिहून आपली नापसंती कळवली. आणि १ मार्च १९४० पासून संवादिनी नभोवाणीवरून हद्दपार झाली. भारतीय संगीताच्या शुद्धतेचा निवाडा करण्यात दोन इंग्रजांनी एवढा पुढाकार घ्यावा, हा विनोद तेव्हा फारसा कोणाच्या लक्षात आला नसावा. स्वातंत्र्यानंतरही ही बंदी टिकली. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे होते. हे मराठी गृहस्थ संगीताचे जाणकार होते, पण चित्रपटगीतांप्रमाणेच संवादिनीबाबतही त्यांचे मन द्रवले नाही. १९७१ साली बंदी सैल झाली, तीही साथीपुरती. एकलवादनाला त्यानंतरही दशकानुदशके दार बंदच राहिले.

ही हकीकत अनेकदा सांगितली जाते, पण तिचा एक परिणाम मोजला जात नाही. एकतीस वर्षे देशातील सर्वांत मोठ्या ध्वनिसंग्रहात संवादिनी नव्हती. ज्यांचे ऐन उमेदीचे दिवस या एकतीस वर्षांत गेले, त्यांचा पुरावा त्या प्रमाणात कमी उरला. पी. मधुकर, म्हणजे मधुकर पेडणेकर, १९६७ मध्ये वारले. एकलवादनाला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या या माणसाच्या हातांवर नभोवाणीचे दार उघडलेच नाही. त्यांची ध्वनिमुद्रिका-तबकड्यांवरची काही मिनिटे उरली, आणि उरला त्यांचा शिष्य. बोरकरांच्या वादनात मधुकर ऐकू येतात असे जाणकार सांगतात. एका वादकाचा वाङ्मयीन वारसा म्हणावा तसा वारसा दुसऱ्याच्या बोटांत शोधावा लागतो, ही अवस्था हस्तलिखित हरवलेल्या कवीची आहे. अशा वेळी आपण काय करतो? हस्तलिखित सापडत नाही म्हणून कवी नव्हताच, असे म्हणत नाही. पण त्याला न वाचताच पहिला क्रमांकही देत नाही.

टेंब्यांच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे, असे आमचे मत आहे. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) हे असामान्य पुरुष होते. १९११ च्या 'मानापमान'ला त्यांनी दिलेल्या चालींनी मराठी रंगभूमीचा कान बदलला. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी काढणाऱ्या तिघांत ते एक होते. प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'मध्ये १९३२ साली ते हरिश्चंद्र झाले, आणि संगीतही त्यांचेच. 'माझा संगीत व्यासंग' आणि 'माझा जीवनविहार' ही पुस्तके मराठी गद्यात आपली जागा राखून आहेत. आम्ही ती विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला सांगतो. संवादिनीला मैफलीचे वाद्य म्हणून मान मिळवून देण्यात त्यांचा वाटा पहिला, यात वाद नाही. पण आज त्यांचे नाव पहिल्या क्रमांकावर घेणाऱ्यांपैकी किती जणांनी ते कानांनी घेतले आहे? बहुतेकांनी ते पुस्तकातून घेतले आहे. टेंबे लेखक होते, म्हणून ते उरले. त्यांनी आपल्याविषयी लिहिले, इतरांनी त्यांच्याविषयी लिहिले, आणि जे लिहिले गेले तेच इतिहास झाले. ज्यांना लेखणी धरता येत नव्हती, किंवा धरावीशी वाटली नाही, ते वादक यादीत खाली सरकले. संवादिनीच्या इतिहासात टेंबे पहिले असतील. वादकांच्या पंक्तीतला त्यांचा पाट मात्र चर्चेचा विषय आहे, आणि तो चर्चेचा ठेवण्यात त्यांचा काहीही अपमान नाही. (हे वाक्य कोल्हापूरच्या मित्रांना आवडणार नाही, याची आम्हाला कल्पना आहे.)

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. श्रेष्ठत्व मोजण्याचे जे गज सध्या वापरात आहेत, त्यांपैकी एक एकलवादनाचा. जो एकटा तास-दीड तास राग मांडू शकतो तो थोर. साथ करणारा गुणी, पण दुय्यम. दुसरा गज गायकाच्या कीर्तीचा. भीमसेनांच्या मागे बसला तो मोठा, अमक्या बुवांच्या मागे बसला तो त्यांच्याएवढाच. तिसरा गज पुरस्कारांचा, त्यावर फार वेळ घालवायला नको: महमूद धौलपुरी यांना २००६ मध्ये आणि बोरकरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, तोवर मधुकर आणि पटवर्धन दोघेही काळाच्या पलीकडे गेले होते. चौथा एक गज अलीकडे फोफावला आहे, तो वेगाचा. त्याच्याबद्दल एवढेच म्हणतो की टंकलेखनाची परीक्षा वेगळी असते.

पहिल्या दोन गजांत गंमत अशी की ते एकमेकांविरुद्ध आहेत आणि तरीही एकच माणूस एकाच दमात दोन्ही वापरतो. साथ दुय्यम असेल तर भीमसेनांच्या मागे बसण्याने मोठेपण कसे येते? आणि ते येत असेल तर साथ दुय्यम कशी? याचे उत्तर असे की या दोन्ही गजांना वादकाचे वादन ऐकण्याची गरज पडत नाही. एकात कार्यक्रमाचे स्वरूप पाहायचे, दुसऱ्यात कार्यक्रमपत्रिकेवरचे वरचे नाव. जुन्या तबकड्यांच्या चकत्या पाहा. गायकाचे नाव ठळक, रागाचे नाव, कधी नाटकाचे नाव. पेटी आणि तबला कोणाचा, हे बहुतेक वेळा लिहिलेलेच नाही. ज्याचे नाव छापायचे नाही असे आधी ठरले, त्याच्या कीर्तीचा पुरावा मागाहून मागायचा, ही रीत आम्हाला चांगलीच परिचयाची आहे. ओव्या रचणाऱ्या बायकांच्या बाबतीत मराठी वाङ्मयेतिहासाने वेगळे काही केले नाही.

हा केवळ आपल्याकडचा दोष नव्हे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस फिलिप्स कंपनीने विसाव्या शतकातील थोर पियानोवादकांची एक मालिका काढली. शंभर भाग, दोनशे तबकड्या, बहात्तर वादक. ती बाहेर पडली तेव्हा हा का घेतला, तो का गाळला, यावर रणे माजली. स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या. पण एका अनुपस्थितीचे फारसे कोणाला काही वाटले नाही. जेराल्ड मूर त्या बहात्तरांत नाही. आयुष्यभर गायकांना साथ करणारा हा इंग्रज पियानोवादक. फिशर-डीस्काउ, श्वार्त्सकोप्फ यांच्या शूबर्टगीतांमागे त्याची बोटे आहेत. १९६७ साली लंडनमध्ये त्याच्या निवृत्तीची मैफल झाली, तेव्हा ते दोघेही त्याच्यासाठी गायले. त्याच्या आत्मकथनाचे नावच मुळी 'माझा आवाज फार मोठा होतोय का?' अशा अर्थाचे आहे. शूबर्टच्या गीतात पियानोचे अंग गळ्याइतकेच महत्त्वाचे असते, हे तिथल्या संगीताच्या पहिल्या वर्गातला विद्यार्थीही सांगेल. तरी श्रेष्ठ पियानोवादकांच्या शंभर भागांत साथीदाराला एकही भाग नाही.

आपण मात्र त्यांच्यासारखे चुकायचे कारण नव्हते. कारण आपल्या भाषेची मुहूर्तमेढ मानला जाणारा ग्रंथ साथीचा ग्रंथ आहे. शके १२१२ मध्ये नेवाशाला जे सिद्ध झाले ते भाष्य होते. मूळ संस्कृतात, शब्द दुसऱ्याचे, क्रम दुसऱ्याचा, अध्याय दुसऱ्याचे. भाष्यकाराने मूळाच्या मागून जायचे, त्याला सोडायचे नाही, पण जिथे मूळ श्वास घेते तिथे आपण बोलायचे. आणि या मागून जाण्यातून सातशे श्लोकांच्या नऊ हजार ओव्या होतात. ज्या भाषेत भाष्य हीच पहिल्या प्रतीची निर्मिती ठरली, त्या भाषेतल्या माणसांनी साथ म्हणजे दुय्यम असे मानावे, याचे आम्हाला नवल वाटते. ज्ञानेश्वरांना आपण 'गीतेवरील भाष्यात मात्र त्यांना तोड नाही' असे म्हणत नाही.

गोविंदराव पटवर्धनांचा (१९२५–१९९६) विचार या अंगाने करावा लागतो. कोकणातून आलेला हा माणूस छोटा गंधर्व, राम मराठे, वसंतराव देशपांडे आणि कुमार गंधर्व अशा चार तऱ्हांच्या गायकांना साथ करतो. या चौघांत समान काय आहे? जवळजवळ काहीच नाही. छोटा गंधर्वांची लडिवाळ फिरत, रामभाऊंची आक्रमक लय, वसंतरावांची कुठून कुठे जाईल याचा पत्ता न लागणारी उडी, कुमारांचा अर्ध्यावर तुटणारा आणि तुटण्यातच पुरा होणारा स्वर. यांतल्या एकाला चांगली साथ करणारे पुष्कळ असतील. चौघांनाही, आणि प्रत्येकाला त्याच्याच भाषेत, असा दुसरा माणूस आम्हाला ठाऊक नाही. कुमारांच्या मैफलींच्या ध्वनिफिती ऐका. वसंतराव आचरेकरांचा तबला आणि गोविंदरावांची पेटी, दोन्ही इतकी कमी बोलतात की आधी ती आहेत हेच जाणवत नाही. कुमार थांबतात. साधा पेटीवाला अशा जागी भरायला धावतो, कारण रिकामी जागा म्हणजे आपली संधी असे त्याला वाटते. गोविंदराव तिथे एक स्वर धरून ठेवतात, किंवा तोही सोडतात. भाता चालू आहे की नाही असा संशय यावा. गायकाची शांतता वाजवता येणे, ही आमच्या लेखी संवादिनीवादनातली सर्वांत अवघड गोष्ट आहे, आणि एकलवादनाच्या गजाने ती मोजताच येत नाही.

आता त्या 'मात्र'कडे. नाट्यसंगीत म्हणजे अर्धशास्त्रीय, म्हणून त्यातला वादक अर्धा श्रेष्ठ, असा काहीसा हिशेब त्यामागे असतो. हा हिशेब ज्यांनी मांडला त्यांनी नाट्यपद कधी मराठीचे विद्यार्थी म्हणून पाहिलेले नसावे. किर्लोस्करांच्या 'शाकुंतल' (१८८०) आणि 'सौभद्र' (१८८२) या नाटकांत साकी, दिंडी, कामदा अशा वृत्त-जातींतली पदे भरलेली आहेत. दिंडीचा यती कुठे पडतो, साकीची ओळ कुठे वळते, कोणत्या अक्षराला गुरुत्व आहे आणि कोणते गाताना ओढून गुरू केलेले आहे, हे ज्याला कळत नाही तो ऑर्गनवर बसला तर पद मोडतो. खयालाच्या साथीत शब्द विरघळलेले असतात. नाट्यपदात ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचले पाहिजेत. नटाने गद्य संपवले, पदाला स्वर द्यायचा. तो अशा बेताने की प्रेक्षकाला गद्य आणि पद यांमधला सांधा दिसू नये. नटाचा गळा त्या दिवशी बसलेला असेल तर स्वर जरा पुढे करून त्याला झाकायचे. त्याला टाळी मिळाली आणि तो पुन्हा फिरला, तर आपणही फिरायचे. आणि हे सगळे करताना पदाचा अर्थ हलू द्यायचा नाही. ऑर्गन पायाने चालतो, म्हणून दोन्ही हात मोकळे. त्याचा भाता हवा आत ओढतो, म्हणून स्वर हातपेटीपेक्षा मवाळ. हातपेटीचा धारदारपणा तिथे उपयोगाचा नसतो. या दोन वाद्यांवर एकाच ताकदीने हुकमत असणे हा वेगळाच अधिकार आहे.

गोविंदराव नाट्यपद एकट्याने वाजवत, तेव्हा शब्द ऐकू येत. ही आमची अतिशयोक्ती नाही, ज्यांनी ऐकले त्या बहुतेकांची ही साक्ष आहे. पितळी सुरांच्या पट्टीतून व्यंजन निघत नाही. मग ऐकू काय येते? ऱ्हस्व-दीर्घ ऐकू येते. शब्दाचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात यांमधली तिळाएवढी जागा ऐकू येते. ज्या अक्षरावर मराठी बोलताना जोर येतो, त्यावर भात्याचा किंचित दाब पडतो. आम्ही वर्गात छंदःशास्त्र शिकवतो तेव्हा फळ्यावर लघु-गुरूच्या खुणा काढतो आणि विद्यार्थी जांभया देतात. गोविंदरावांचे एक पद वाजवून दाखवले तर खुणा काढाव्या लागत नाहीत. हा प्रयोग आम्ही केला आहे. वसंत कानेटकर आमच्याच गावात प्राध्यापक होते. त्यांचे 'मत्स्यगंधा' (१९६४) आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो, पण अभिषेकींच्या चालींवाचून, म्हणजे निम्मेच. पद छापील ओळ म्हणून वाचायचे आणि पुढे जायचे. संगीत नाटकाचा अर्धा अर्थ आपण असा वर्गाबाहेर ठेवतो, आणि मग त्या अर्ध्या अर्थाचे कारागीर आपल्याला गौण वाटतात.

एका विद्यार्थिनीने पदव्युत्तर प्रकल्पासाठी संगीत नाटकातील ऑर्गनवादक हा विषय घेतला होता. तो परत आला. शेरा असा की विषय वाङ्मयीन नाही. तिने विषय बदलला, 'संगीत नाटकातील पदांचे सौंदर्य' असा निरुपद्रवी केला, आणि तो मंजूर झाला. शेरा कोणी मारला याला महत्त्व नाही. आमच्यापैकी कोणीही त्या खुर्चीत असता तर कदाचित तोच मारला असता. मुद्दा एवढाच की यादीतून गळणे हे असे घडते, कुणाच्या दुष्टाव्याने नव्हे. ज्यांना वृद्धापकाळी भेटून त्यांच्याकडून चार गोष्टी लिहून घेता आल्या असत्या, असे जुन्या कंपन्यांतले वादक मधल्या वर्षांत गेले. आता त्या गोष्टी कोणालाच मिळायच्या नाहीत.

आमच्याविरुद्ध एक आक्षेप येईल, तो आम्ही आधीच घेतो, कारण तो वजनाचा आहे. साथीची एवढी महती गाता, तर सारंगीचे काय? पेटी गायकाच्या शेजारी बसली ती कोणाला उठवून? गंधर्व मंडळींत कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवाँचा तबला होता, तोवर पदामागे मींड होती. पेटी स्वस्त, लवकर शिकता येणारी, जुळवावी न लागणारी. ती आली आणि सारंगियांची घराणीच्या घराणी निकामी झाली. हे खरे आहे. त्यात वाद्याच्या सोयीबरोबर समाजाच्या सोवळेपणाचाही हात होता. सारंगीला कोठ्याचा वास येतो असे मानणाऱ्या मध्यमवर्गाला पेटी 'घरंदाज' वाटली, जरी ठुमरीच्या मागे पेटीला प्रतिष्ठा मिळवून देणारे ग्वाल्हेरचे भय्यासाहेब गणपतराव त्याच कोठ्यांवरच्या गाण्याचे गुरू होते. ज्या पंचवटीत १९३० साली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला, तिथे राहून आम्ही प्रवेश आणि बहिष्कार हे शब्द हलकेपणी वापरत नाही; वाद्याचे दुःख आणि माणसाचे दुःख एका तराजूत घालण्याचा आमचा इरादा नाही. पण सारंगियांवर झालेला अन्याय पेटीवाल्यांना गौण ठरवून फिटत नाही. दोघांचेही नाव तबकडीवर छापले गेले नव्हते.

मग आमची पंक्ती कोणती, असे विचारले जाईलच. साथीचा गज लावला तर पहिला पाट गोविंदराव पटवर्धनांचा. एकलवादनाचा लावला तर पी. मधुकरांचा, पुरावा अपुरा असूनही, कारण जो आहे तो पुरेसा बोलका आहे. अप्पा जळगावकर (१९२२–२००९) यांचे स्थान आम्ही हलवत नाही. ख्यालाच्या साथीत त्यांनी पुण्यामुंबईच्या दोन पिढ्यांना कसे ऐकावे हे शिकवले. त्यांच्याविषयी नवे भांडण उकरून काढण्यासारखे आमच्याजवळ काही नाही. बोरकर (१९३४–२०१८) दोन्ही गजांवर उतरतात, आणि शिवाय शिकवण्याचा तिसरा गज लावला तर ते पुढे जातात. पुरुषोत्तम वालावलकर ज्या यादीत नाहीत ती यादी मुंबईबाहेर केलेली असली पाहिजे. आणि बेळगावचे रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) ज्या यादीत नाहीत ती पुण्यात केलेली. सीमेपलीकडे राहून आयुष्यभर पेटी शिकवणाऱ्या या गुरूंना महाराष्ट्रातली यादी कर्नाटकचे समजते, आणि कर्नाटकातील यादी कोणाचे समजते ते आम्हाला माहीत नाही. बंगालच्या ज्ञानप्रकाश घोषांची गोष्ट आणखी निराळी. मराठी याद्यांत ते आढळत नाहीत, जणू पेटी कृष्णेच्या आणि गोदावरीच्या खोऱ्यातच वाजते.

आणि या सगळ्या नावांत एकही बाई नाही, हे वाचकाच्या ध्यानात आले असेल. फिलिप्सच्या बहात्तरांना नावे ठेवताना आम्ही हे विसरलो नव्हतो. घराघरांत पेटीवर बोटे ठेवणाऱ्या मुली निदान मुलांइतक्या होत्या. परीक्षांना बसणाऱ्याही होत्या. मैफलीत पेटीमागे बाई बसलेली दिसायला मात्र सीमा शिरोडकरांच्या पिढीपर्यंत थांबावे लागले. आजही एखाद्या बुवांच्या मागे ती बसली की पहिल्या रांगेत कुजबुज होते, आणि कुजबुज वादनाबद्दल नसते. पुढची यादी करणाऱ्यांनी तिचे नाव लिहिताना त्यापुढे 'स्त्रीवादकांत मात्र' असे लिहिले, तर आम्ही पुन्हा भांडायला येऊ.